साडूच्या गोळ्या आणि माझ्या

साडूला शिव्या पडत होत्या आणि मी जळत होतो.

काटेवाडीला, सासुरवाडीच्या अंगणात, चारचौघांदेखत आमचे सासरे त्याला फैलावर घेत होते. विहिरीची मोटर चालू ठेवून हा गडी बारामतीला निघून गेला होता. उसात पाणी तुंबलं, बांध फुटला आणि शेजाऱ्याच्या कडवळात, गुरांच्या चाऱ्यात, तळं झालं. "डोस्कं हाय का मडकं?" आबा विचारत होते. "शेजाऱ्याला काय तोंड दावू मी? जा, आदी बांध घाल. तवर च्या न्हाय मिळायचा." साडूने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, खोरं खांद्यावर टाकलं आणि तो हसत हसत गेला. वर आणखी, जाता जाता म्हणाला, "मामा, भजी करून ठेवाया सांगा मामीला." मग आबांची नजर माझ्याकडे वळली आणि आवाज एकदम मऊ झाला. "पाव्हणं, तुमी का उभं? टेका की. अगं ए, पाव्हण्यास्नी च्या आण. बशीबी दी संगट."

मला बशीतून चहा आवडत नाही. इतक्या वर्षांत हे त्या घरात सांगायची सोय झाली नाही.

कुणी म्हणेल, यात जळण्यासारखं काय आहे? शिव्या त्याला, चहा तुला. पण मला त्या शिव्या हव्या होत्या. मी नीट चालायलाही लागलो नव्हतो तेव्हा माझे वडील गेले. आई इंदापुरात शिवणकाम करायची. बिनबापाचं पोर म्हणून ती मला कधी टाकून बोलली नाही. काका लोक लांबून गोड बोलायचे आणि लांबच राहायचे. लग्न ठरवायला काटेवाडीला गेलो तेव्हा आबांना पहिल्यांदा पाहिलं. उंच, काटक, आवाज असा की गोठ्यातली गाय रवंथ थांबवून बघायची. ते एका गड्याला कशावरून तरी झापत होते, आणि मला मनातून इतकं बरं वाटलं की मुलगी बघायच्या आधीच मी होकार देऊन बसलो होतो. म्हटलं, आता आपल्यालाही कुणी 'ऊठ' म्हणेल, 'हे धर, ते आण' म्हणेल, चुकलो तर कान उपटेल. पण लग्न झालं आणि मी 'पाव्हणं' झालो, तो झालोच.

साडूचं तसं नव्हतं. माझ्या सासरी मामाची मुलगी करायची रीत आहे. साडू आबांच्या बहिणीचा मुलगा. शाळेला तो काटेवाडीतच होता, अर्ध्या चड्डीपासून त्या घरात मार खात वाढला. पुढे धाकटी मुलगी त्यालाच दिली. मानाने मी थोरला जावई, पण घरात तो माझ्या कितीतरी आधी आलेला. तो सरळ चुलीपाशी जाऊन भाकरी उचलायचा. मी हात धुऊन पाटाची वाट बघत बसायचो. तो आजारी पडला की आबा त्याला शिव्या घालून दवाखान्यात न्यायचे. मी आजारी पडलो की माझ्याकडे शहाळी पाठवायचे.

गोळ्यांचं प्रकरण या सगळ्यावर येऊन बसलं.

आबांचे वाडवडील मेंढरं राखायचे. आता ऊस आहे, गाई आहेत, आणि गेल्या काही वर्षांपासून शनिवार-रविवारी पुण्याहून गाड्या भरून माणसं येतात. चुलीवरचं जेवण, बैलगाडीतून चक्कर, थंडीत हुरडा. साडूचं बारामतीत खेळण्यांचं दुकान आहे. त्याने टूम काढली की रानात बंदुकीचा खेळ ठेवू. खऱ्यासारख्या दिसणाऱ्या पण खेळातल्या लांब बंदुका, खटका ओढला की आतली स्प्रिंग सुटते आणि ज्वारीच्या दाण्याहून जरा मोठी, प्लॅस्टिकची गोल गोळी उडते. गोठ्यामागे मातीचा उंच बांध होता, त्याच्यापुढे तार ओढून रिकामे डबे टांगले. डोळ्यांवर चष्मा लावल्याशिवाय बंदुकीला हात लावायचा नाही, असा आबांचा नियम. लोक खूश झाले. आबा त्याहून खूश. तरुणपणी ते गोफणीने लांबचं पाखरू उठवायचे, त्यामुळे नेम म्हटलं की त्यांच्या अंगात यायचं. खुर्ची टाकून बसायचे आणि पुण्याच्या साहेबांना श्वास कसा धरायचा ते शिकवायचे.

पण गोळ्या नीट जाईनात. सुरुवातीला बरं चाललं, मग हुरड्याचे दिवस सरता सरता एक गोळी डब्याला, एक आभाळात, एक बांधाच्याही अलीकडे मातीत, असं होऊ लागलं. मधूनच बंदूक अडकायची. एक गृहस्थ आपल्या बायकोमुलांसमोर एकही डबा वाजवू शकले नाहीत, तर जेवायलाच बसेनात, तोंड फुगवून गाडीत जाऊन बसले. ते गेल्यावर आबांनी साडूचा उद्धार केला. "कसल्या रं गोळ्या आणतूस? गिऱ्हाइकाचं तोंड बघितलंस का? दुकान हाय का उकिरडा तुजा?" साडू म्हणत होता, "मामा, माल चांगला हाय, बारामतीत समदी पोरं ह्याच नेत्यात." त्यावर आणखी शिव्या. मी उभा राहून ऐकत होतो आणि, काय सांगू, पोटात दुखत होतं.

तेव्हा आबा माझ्याकडे वळले. "पाव्हणं, तुमी कंपनीत मापं घेता न्हवं? जरा बघता का ह्या गोळ्यांचं? सवड असंल तर बरं का. न्हायतर ऱ्हाऊ द्या."

'सवड असेल तर' हे शब्द मला टोचले. पण त्या घरात मला सांगितलेलं ते पहिलं काम होतं. मी म्हणालो, "सवड आहेच, आबा."

मी लोणी देवकरच्या एमआयडीसीत एका प्लॅस्टिकच्या कारखान्यात क्वालिटीला आहे. आम्ही बाटल्यांची झाकणं बनवतो. दिवसभर झाकणं मोजायची, दाबायची, कापायची, उजेडात धरून बघायची. प्लॅस्टिक कुठे लबाडी करतं ते मला माहीत आहे. साचा दोन भागांचा असतो, ते नीट जुळले नाहीत तर मधे रेघ राहते. माल घाईने थंड केला तर आत हवेचा फुगा राहतो. वरून सगळं गुळगुळीत दिसतं. झाकणावर जे चालतं ते गोळीवर चालणारच, हे मला इंदापूरला पोचेपर्यंत पाठ झालं होतं. मोटारसायकलवर मी शीळ घालत होतो. बायको मागून म्हणाली, "एवढं काय झालं आनंद व्हायला?" मी सांगितलं नाही.

साडूच्या दुकानातली पुडी मी साडूकडे मागितली नाही. मागितली असती तर त्याने निवडून चांगल्या दिल्या असत्या. बारामतीला जाणाऱ्या एका मित्राला सांगून गुपचूप आणवली. बाकीच्या तीन-चार प्रकारच्या इंदापूरच्या बाजारातून आणि मोबाइलवरून मागवल्या. पांढऱ्या, पोपटी, पिवळट, एक तर गुलाबी. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर लोणच्याच्या रिकाम्या बरण्या मांडल्या आणि प्रत्येक प्रकार वेगळ्या बरणीत घातला. बायको म्हणाली, "कोथिंबीर आणायला सांगितली तर विसरता, आणि हे मात्र चहाची वेळ चुकवून करताय."

आधी मापं घेतली. मायक्रोमीटर माझा स्वतःचा आहे. एकच गोळी तीन बाजूंनी धरायची. जी खरी गोल असते ती तिन्ही बाजूंनी तेच माप दाखवते. साडूची दाखवत नव्हती. ती एका बाजूने किंचित बसकी होती. डोळ्याला कळत नाही, बंदुकीच्या नळीला कळतं. मग सोनाराकडे असतो तसा छोटा काटा घेऊन वजनं केली. साडूच्या गोळ्या एकमेकींशी जमत नव्हत्या, कुणी हलकी, कुणी जड. मग दिवाणखान्यातल्या टेबलाची काच काढली, तिच्या एका कडेखाली पुस्तक सरकवलं आणि वरून गोळ्या सोडल्या. चांगली गोळी सरळ खाली येते. वाईट गोळी मधेच वाट सोडते आणि सोफ्याखाली जाते. सोफ्याखाली गेलेल्या बहुतेक साडूच्या होत्या. मी गुडघ्यावर बसून त्या काढत होतो आणि मनातल्या मनात आबांना सांगत होतो, बघा, तुमच्या भाच्याच्या आहेत या.

मिठाच्या पाण्याची परीक्षा मला फार आवडली. पातेल्यात पाणी घेऊन थोडं थोडं मीठ घालत जायचं. भरीव गोळ्या तळाशी बसतात आणि आत फुगा असलेल्या आधी वर येतात. साडूच्या मूठभर गोळ्यांतल्या काही झटकन वर आल्या. मी त्या ब्लेडने कापल्या. आत पोकळी. मी बायकोला हाक मारली, बहिर्गोल भिंग तिच्या हातात दिलं आणि म्हणालो, "बघ."

तिने बघितलं. मग भिंग ठेवून ती माझ्याकडेच बघायला लागली. "गोळ्या तपासताय का माझ्या आतेभावाला?"

"गोळ्या."

"मग त्याची पोकळी बघून एवढं हसू कशाला येतंय?"

मी पाणी ओतून दिलं. तिला मी कधी सांगितलं नव्हतं की मला काय हवंय. तिच्या दृष्टीने तिच्या माहेरी माझा मान होता, आणि मान असलेल्या माणसाने कुरकुर करायची म्हणजे आगाऊपणा. एकदा मी म्हणालो होतो की आबा मला परक्यासारखं वागवतात. ती म्हणाली, "परक्याला कुणी तूप वाढतं का?" तिचं चुकत नव्हतं. तूप मलाच जास्त मिळायचं.

शेवटी मला गोळी सापडली. मोबाइलवरून मागवलेली, पांढरी, चमक नसलेली, हाताला जराशी जड. कुठल्याही बाजूने धरली तरी माप तेच. काचेवरून रांगेत उतरायची. कापली तर आतून खडूसारखी भरीव. मी ती मोठ्या पाकिटातून मागवली आणि धोंड्याच्या महिन्याची वाट बघत बसलो.

अधिक महिन्यात जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालायची पद्धत आहे. आम्हा दोघांना एकाच दिवशी बोलावलं होतं. मी पाकीट घेतलं, पुठ्ठे घेतले, कारखान्यातल्या मित्राकडून वस्तू आवळून धरायची लोखंडी व्हाइस उसनी घेतली. बंदूक माणसाच्या हातात दिली की दोष कुणाचा ते कळत नाही. ती घट्ट आवळून धरली की मग जे होतं ते गोळीचं. साडू माझं सामान बघून म्हणाला, "दाजी, सासुरवाडीला आलाय का वर्कशॉपला?" सगळे हसले. आबाही हसले. मी पण हसलो, पण नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या.

गोठ्यामागे ट्रॉली उभी होती. तिच्या कडेला व्हाइस आवळली, तिच्यात बंदूक बसवली आणि बांधापुढे पुठ्ठा उभा केला. आबांनी आधी स्वतःची परीक्षा घेतली. दोन्ही गोळ्या तळहातावर खेळवल्या. मग ज्वारी वाळलीय का बघताना चावतात तशी एकेक दाढेखाली धरली. साडूची चावून म्हणाले, "ही कडक हाय." माझी चावून म्हणाले, "हीबी बरी हाय." कडक आणि बरी यांत केवढं अंतर होतं ते माझं मलाच माहीत. मी म्हणालो, "आबा, मारून बघू."

आधी साडूच्या. बंदुकीशेजारच्या डब्यातून त्याने मूठभर काढून भरल्या, चष्मे लावले, खटका ओढला. पहिली पुठ्ठ्याच्या कोपऱ्यात. दुसरी पुठ्ठ्याच्या वरून. तिसरी कुठे गेली कळलंच नाही, मागून कोंबड्या ओरडल्या तेव्हा कळलं. पाच-सहा मारल्या आणि बंदूक अडकली. काडी घालून ती मोकळी केली, नळी पुसली, मग माझ्या भरल्या. खटका ओढत गेलो. आबा पुठ्ठ्यापाशी गेले, वाकले, आणि त्यांनी भोकांवर आपला पंजा ठेवला. सगळी भोकं पंजाखाली झाकली गेली. मग नुसते वळून माझ्याकडे बघत राहिले. त्या क्षणी कुणी मला राज्य देऊ केलं असतं तरी मी थांब म्हणालो असतो.

इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण क्वालिटीच्या माणसाला एक खोड असते, तो निकाल लागल्यावरही एकदा तपासतो. मित्राने आणलेल्या साडूच्या पुडीतल्या थोड्या गोळ्या माझ्या खिशात होत्या. त्या भरून मारल्या. माझ्याइतक्या नाही, पण त्या बऱ्या गेल्या. पुठ्ठा एकीनेही सोडला नाही. तोच माल, तेच दुकान, मग डब्यातल्या गोळ्या अशा का? मी डब्यातली एक उचलली. बोटांतून निसटली. दुसरी उचलून नाकाशी नेली.

एरंडेलाचा वास.

तो वास आमच्याकडे कुणीही झोपेत ओळखेल. वर्षाचे गहू भरताना, तूरडाळ भरताना दाण्याला एरंडेल चोळून ठेवतात, म्हणजे कीड लागत नाही.

"आबा, याला एरंडेल कुणी लावलं?"

"मीच की," आबा म्हणाले. "डबा उघडा ऱ्हातूय, हवा लागती. म्हटलं वरीसभर टिकायला नगं? चोळून ठिवल्या हुरडा चालू हुता तवा. आन् तेलानं नळीतनं बी सुळकन जाईल म्हटलं."

मी त्यांना बंदूक उलटी करून दाखवली. नळीच्या सुरुवातीला रबराचा छोटा उंचवटा असतो. गोळी त्याला घासून जाते, तिला उलटी गिरकी मिळते, म्हणून ती सरळ जाते. तेल लागलं की ती त्या रबरावरून घसरते आणि वाटेल तिकडे जाते. शिवाय तेलाला धूळ चिकटते आणि नळी तुंबते. साडूचा माल दुय्यम होता हे खरं, पण गिऱ्हाईक उपाशी पळवण्याइतका वाईट नव्हता. ते काम एरंडेलाने केलं होतं.

 आबा साडूवर कडाडले, "आन् तुला कळंना व्हय रं? दुकानदार हायस न्हवं? माल हाताला तेलकट लागतूय, तोंड शिवलं हुतं तुजं?"

"मामा, तेल तुमी लावलं!"

"मी लावलं, म्या अडाण्यानं! तू श्याना झालास न्हवं बारामतीला जाऊन? दर शनिवारी हात घालतूस डब्यात. नाक कुठं गहाण ठिवलं हुतंस?"

"मला वाटलं बंदुकीचं तेल आसंल."

"बंदुकीचं तेल! बंदुकीला काय मळणी यंत्र समजलास?"

दोघं भांडत होते. सासूबाई दारात उभ्या राहून पदर तोंडाला लावून हसत होत्या, मेहुणी हसत होती, माझी बायकोही हसत होती. चूक आबांची, शिव्या साडूला, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं. साडूलाही नाही. आपल्या माणसाच्या डोक्यावर आपली चूक बिनदिक्कत टाकता येते, हे मी उन्हात व्हाइस धरून उभा राहून बघत होतो. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता. जिंकलो मी होतो आणि घरातला सगळा गलका त्याच्या भोवती चालला होता.

मला राहवलं नाही. मी पुढे होऊन म्हणालो, "आबा, चूक माझीपण आहे. मागल्या खेपेला मी डबा उघडून बघितला होता. वास तेव्हाच यायला हवा होता मला. क्वालिटीचा माणूस मी."

मी खरंच वाट बघत होतो. 'मग झोपला हुतास का?' एवढं तरी.

आबांचा आवाज लगेच खाली आला. "छ्या छ्या, पाव्हणं, तुमची कसली चूक? तुमी हुता म्हणून तर कळलं." आणि सासूबाईंकडे वळून, "अगं, ताट वाढ आता. पाव्हणं उन्हात उभं हायती कवाचं."

मला पाटावर बसवून कुंकू लावलं. टॉवेल, टोपी, नारळ. साडूलाही दिलं, पण तो एका हाताने टोपी घालून दुसऱ्या हाताने धोंडा तोडत होता. जेवणं झाल्यावर घमेल्यात साबणाचं पाणी करून तेलकट गोळ्या धुवायला घेतल्या. आबा, साडू, दोघी बहिणी, सगळे भोवती उकिडवे बसले. पाणी उडवणं चाललं होतं. मी बाह्या सरसावून घमेल्यात हात घातला. सासूबाईंनी माझं मनगट धरून हळूच बाहेर काढलं आणि पदराने पुसलं. "आसू द्या, पाव्हणं. साबण झोंबंल हाताला."

जाताना आबांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "आजपासनं गोळ्या पाव्हण्यांच्याच." साडूने मान डोलावली. मी मोटारसायकलवर बसलो तेव्हा बायको म्हणाली, "झालं ना मनासारखं?" मी हो म्हणालो. निम्म्या वाटेपर्यंत मलाही ते खरं वाटत होतं.

त्यानंतर मी नेमाने पाकिटं पाठवत राहिलो. प्रत्येक पाकिटातल्या मूठभर गोळ्या आधी तपासायचो, काचेवरून सोडायचो. मी काटेवाडीला गेलो की बंदुकीत माझ्याच पांढऱ्या गोळ्या असायच्या. आबा गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमच्या थोरल्या जावयानं शोधून काढल्यात, लई भारी." साडू बाजूला डबे टांगत असायचा. मी त्याच्याकडे बघायचो. एवढं सुख मला पुरेल, असं मी ठरवलं होतं.

मग एका दुपारी बायको फोन ठेवून म्हणाली, "आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मोतीबिंदू. परवा."

"परवा? आणि आज सांगतात?"

"तुमची ड्युटी असते, त्रास कशाला म्हणाले. आहे ना तो बारामतीत. त्याच्याकडेच आहेत, तपासायला न्यायला बरं पडतं."

मी रजा टाकली आणि एकटाच निघालो. वाटभर माझा जळफळाट चालला होता. दवाखान्यात कोण बसलं असेल, डोळ्यात थेंब कोण घालत असेल, रात्री हाताला धरून कोण नेत असेल. सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर होतं. साडूचं घर दुकानाच्या वर आहे. खाली तो गिऱ्हाइकात होता, त्याने हातानेच वर जा म्हणून खूण केली. वर मेहुणीने दार उघडलं, "आत पडलेत, जा तुम्ही, मी चहा टाकते," म्हणून ती स्वयंपाकघरात गेली.

आबा पलंगावर उताणे पडले होते. एका डोळ्याला पट्टी होती, पण उजेड नको म्हणून त्यांनी उपरणं दोन्ही डोळ्यांवरून बांधून घेतलं होतं. पंखा मोठ्याने फिरत होता. मी चपला काढून आत पाऊल टाकलं.

"आलास का?" आबा म्हणाले. "कवाधरनं हाका मारतूय. मेला हुतास का खाली? पाणी दी."

मी तोंड उघडलं होतं. 'आबा, मी' एवढं म्हणायचं होतं. ते मी म्हणालो नाही. तांब्यातून पेल्यात पाणी ओतलं, त्यांच्या मानेखाली हात घातला आणि पेला ओठाला लावला.

"सांडतूयस की बैला. हं. आता पाय दाब जरा, निस्ता उभा ऱ्हाऊ नगं."

मी पलंगाच्या कडेला बसलो आणि पाय दाबायला लागलो. नडगीचं हाड लांब आणि टणक होतं. एवढ्या वर्षांत मी त्यांच्या पायाला वाकून हात लावला होता, पण असा धरला कधी नव्हता. आणि तरी मला साडूचाच हेवा वाटत होता, कारण हे सगळं त्याचं होतं आणि मी ते चोरून घेत होतो.

"शनवारी गाड्या येतील," आबा म्हणाले. "मी नसलो तरी नीट बघ. आन् एक ऐक. कपाटातल्या पाव्हण्याच्या गोळ्या काढू नगंस. मागल्या बारीला तू काढल्या हुत्यास, मला कळलं."

माझे हात थांबले.

"चांगल्या हायत त्या. गिऱ्हाइकास्नी तुज्याच दी, त्यांस्नी काय कळतंय. पाव्हणं यायचं आसलं की तेवढ्या बंदुकीत भरायच्या. इतकी पाकिटं साठल्यात, जपून ठिव. कळलं का?"

स्वयंपाकघरातून कपबशीचा आवाज आला. मेहुणी आता येईल आणि मला हाक मारेल, हे मला कळत होतं.

"हं," मी म्हणालो. आवाज ओळखू येऊ नये म्हणून तेवढंच.

"आन् जोर लाव की जरा. जेवला न्हायस व्हय?"

मी जोर लावला.